पेवावरची चूल

ता. ८ एप्रिल १९४६, सोमवार
मुक्काम हरिपूर, सांगलीपासून कोसभर

आज नव्या घरात ट्रंक टेकवली. तीन खोल्या, पुढे ओसरी, मागे परसू, परसात शेवगा आणि एक खोपट. ब्रह्मदेशात आराकानच्या चिखलात तंबू ठोकून राहिलेल्या माणसाला हा राजवाडाच. मालक हंबीरराव हळदीचे बडे व्यापारी. पलटणीतून सुटून आलेला हवालदार म्हणून त्यांनी मला वखारीवर देखरेखीला ठेवलं, आणि नोकरीबरोबर घर फुकट दिलं. फुकटची वस्तू दोनदा बघून घ्यावी असं आमचे वडील म्हणत. मी एकदाच बघितली आणि पसंत केली.

दस्तगीर नावाचा हमालांचा मुकादम आहे, त्यानं गाव दाखवलं. बोलका माणूस. हरिपूरची जमीन आतून पोकळ आहे म्हणे. वर मोकळा माळ दिसतो, पण पायाखाली पेवं आहेत, आणि पेवांत हळद. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं रुंद. तोंडावर दगड ठेवून माती लिंपली की हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. पेव उघडलं की आधी वारं खेळू द्यायचं, मग दोरानं पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा मेलेली. जळत राहिला तरच माणूस उतरायचा. दस्तगीर म्हणाला, "बत्ती सोडल्याबिगर जो उतरला, त्यो वर आला न्हाई बगा." मी म्हटलं, मी वखारीच्या वरच बरा.

आता खरी गोष्ट लिहितो. मनू, म्हणजे आमची मंडळी, पलूसला माहेरी आहे. २४ मार्चला मुलगा झाला, आणि नेमका मूळ नक्षत्रावर. शांत केल्याशिवाय बापानं पोराचं तोंड बघायचं नाही असं भटजींनी सांगितलं. पहिल्यांदा बघायचं तेही काशाच्या वाटीत तेल घालून, त्या तेलात. शांत त्याच नक्षत्रावर करायची असते. या महिन्यात ते येईल तेव्हा मला नव्या नोकरीत रजा मिळणार नाही, म्हणून १८ मेला याच घरात शांत करायची ठरली आहे. जपानी बघितले, मगरी बघितल्या, पोटच्या पोराचं तोंड तेवढं बघायचं राहिलं. तोवर हे घर असं लखलखीत करतो की सासूबाईंनीसुद्धा नाव ठेवू नये.

रोजनिशीची सवय पलटणीतल्या कॅप्टनसाहेबांनी लावली. ते म्हणायचे, लिहिणाऱ्याचा हात कापत नाही.

ता. ११ एप्रिल, गुरुवार

घरात माझ्या आधीचे बिऱ्हाडकरू आहेत. झुरळं. संध्याकाळी दिवा लावायला चुलीपाशी गेलो तर भिंतीवरची तपकिरी पट्टी सरकन हलली आणि फटीत गेली. मला हसू आलं. सरकारनं मला सॅनिटरी स्क्वॉडात पगार दिला तो याच कामाचा.

आज रीतसर पाहणी केली. फडताळाच्या कोपऱ्यात चहाच्या भुकटीसारखी घाण, टाकलेल्या काती, आणि तुरीच्या दाण्याएवढ्या अंड्यांच्या डब्या. खोलीला तो ओशट वास, जो एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. बायका दिसेल त्या झुरळावर वहाण मारतात आणि जिंकल्याच्या आनंदात झोपतात. पण मारलेल्या झुरळामागं भिंतीत भरलेल्या डब्या असतात, आणि डबी औषधाला दाद देत नाही. ती फुटून पिल्लं बाहेर पडली की पुन्हा औषध टाकायचं, असं दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. त्याच्याआधी त्यांचं अन्नपाणी तोडायचं आणि फटी बुजवायच्या. खरकटं भांडं नको, ओला बोळा नको, तळाला पाणी साचलेली घागर नको. बाहेरून येणारं पोतं झाडल्याशिवाय आत नको.

एक गंमत. इथल्या झुरळांचे पाय पिवळे आहेत. बोटानं पुसलं तर हळद. नवरदेवासारखी हळद लावून फिरतात बेटी. दस्तगीरला सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, हळदीच्या पेवात किडा जगत नाही, तिथं त्याला खायला काही नसतं. मग विषय बदलून पोत्यांच्या शिवणीबद्दल बोलत राहिला.

ता. १५ एप्रिल, सोमवार

झुरळांचा अन्नदाता सापडला. परसातल्या खोपटात धोंडुबाई म्हणून म्हातारी राहते. हंबीररावांच्या वडिलांनी तिला हयातभर राहायला दिलंय. ही रोज दिवेलागणीला न विचारता माझ्या स्वयंपाकघरात येते, चुलीच्या मागच्या कोपऱ्यात गुळाचा खडा आणि भाकरीचा चतकोर ठेवते, तिथं बसून काहीतरी पुटपुटते आणि जाते. आज मी दारात उभा राहून बघितलं. म्हातारीची पाठ वळायचा अवकाश, फटीतून झुरळं निघाली. घाई नाही, धावपळ नाही. पंगतीला पाट मांडलेले असावेत तशी बसली.

मी म्हटलं, मावशी, शत्रूला रसद पुरवणाऱ्याला आमच्याकडं कोर्टमार्शल करतात. तिला ते कळलं नसावं. ती म्हणाली, "त्यो त्यांचा वाटा हाय बाबा. घर तुजं, चूल त्यांची." मग मी नीट समजावलं. तान्हं पोर घरात आणायचं आहे. झुरळ दुधाच्या वासावर येतं, झोपलेल्या पोराचे ओठ चाटतं, पापण्यांचे केस कुरतडतं. इस्पितळाच्या तंबूत जवानांच्या पापण्या गेलेल्या मी या डोळ्यांनी बघितल्यात. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, पोरगा की पोरगी. पोरगा म्हटल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गेली.

ता. २२ एप्रिल, सोमवार

मोहीम फत्ते होत आली. आठवडाभर वखारीतून आलो की हेच काम. भांडी परसात काढून राखेनं घासली, फडताळ उन्हात टाकलं, फळ्यांच्या सांध्यांतून उकळतं पाणी ओतलं. फटी चुना आणि विटकरीच्या चुऱ्यानं बुजवल्या. टाकणखार, कणीक आणि गूळ एकत्र मळून गोळ्या केल्या आणि पोराचा हात पुढंही जाणार नाही अशा जागी ठेवल्या. डी.डी.टी.चा डबा मी पलटणीतून आणलाय. ती पूड चुलीच्या बुडाशी आणि उंबऱ्याच्या फटीत फुंकली. भांड्यांपाशी एक कणही जाऊ दिला नाही, नाहीतर झुरळाबरोबर आपणच.

धोंडुबाईचा घास बंद. परसाकडच्या दाराला आतून कडी लावतो. ती दिवेलागणीला येते, दाराबाहेर थोडी थांबते आणि जाते. पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं. पण पोरापुढं म्हातारीची खुळं काय.

सकाळी मेलेली झुरळं सुपात गोळा करून जाळली. मनूला पत्र टाकलं की घर पलटणीच्या रसोड्याहून स्वच्छ आहे, निश्चिंत ये.

ता. २९ एप्रिल, सोमवार

झुरळं पुन्हा आली. पण त्याची अपेक्षा होतीच, डब्या फुटल्या असतील. दुसरी फेरी मारली. फक्त एक पटत नाही. नव्यानं आलेली पिल्लं असायला हवीत, ही मोठी आहेत. टाकणखाराच्या गोळ्यांना तोंड लावत नाहीत. गोळ्यांभोवती बसतात आणि दाराकडं तोंड करून मिशा हलवतात. म्हातारीची वाट बघत असावीत.

ता. ४ मे, शनिवार. अक्षय तृतीया

आज धोंडुबाईला आत घ्यावं लागलं. पितरांचा दिवस. हातात पाण्याचा करा, पोळी, आमरसाची वाटी. म्हणाली की आजचा घास चुकला तर तिला मेल्यावर जागा नाही. मी म्हटलं, नदीवर जा, संगमावर जा, सगळं गाव तिथं जातंय. तेव्हा ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं सांगितलं.

तिचा नवरा केरबा पेवातला कामकरी. या घराच्या जागी तेव्हा हंबीररावांच्या वडिलांचं पेव होतं. भाव अचानक चढला म्हणून मालकानं घाई केली आणि पेव उघडल्याबरोबर त्याला कंदील न सोडता उतरवलं. तो आत पडला. वरचे धावाधाव करताहेत तोवर काठाची माती ढासळली. प्रेत काढलंच नाही. त्याच वेळी धोंडुबाई माहेरी बाळंत होती. पोरगा, आणि मूळ नक्षत्रावरचा. शांत व्हायची होती. बापानं पोराचं तोंड बघितलेलं नव्हतं.

दहाव्याला संगमावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. भावकीनं होतं नव्हतं ते सगळं कबूल केलं, शेत विकणार नाही, बाईला टाकणार नाही, कावळा झाडावरून हलेना. ऊन उतरलं, माणसं उपाशी. शेवटी घाटाच्या दगडातून एक झुरळ निघालं आणि पिंडावर बसलं. त्याचे पाय पिवळे होते. जाणती माणसं म्हणाली, जीव तो जीव, शिवला म्हणायचं. सगळे उठले. "त्या दिसापास्नं मी त्यास्नी उपाशी ठिवलं न्हाई," म्हातारी म्हणाली. पेव बुजवून मालकानं वर घर बांधलं. चूल बरोबर तोंडावर आली.

ऐकून मला गलबलून आलं. मी माणूस आहे. पण आमरसाची वाटी घरात उघडी ठेवणं म्हणजे पंधरा दिवसांच्या कष्टावर पाणी. मी ताट उचललं आणि स्वतः नेऊन शेवग्याखाली ठेवलं. म्हटलं, मावशी, केरबादादा इथं येऊन जेवतील. ती ताटाकडं बघत राहिली. संध्याकाळपर्यंत त्या ताटाला मुंगीसुद्धा लागली नाही.

ता. ८ मे, बुधवार

आता दिवसा दिसतात. माहीतगाराला याचा अर्थ कळतो. झुरळ उजेडात आलं म्हणजे आत जागा उरली नाही, किंवा पोटाला काही उरलं नाही.

सकाळी उठलो तर हाताच्या नखांच्या कडा कुरतडलेल्या. डाव्या डोळ्याच्या पापणीचे केस गेलेत. वखारीत दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हवालदार, त्या घरात बायकापोरं आनू नगा. आमच्या वस्तीत खोली हाय, माजी घरवाली सुगराबी रांधून घालंल." मी म्हटलं, दोन-तीन चपट्या किड्यांपुढं हवालदार माघार घेत नसतो. घरी आल्यावर आरसा उलटा करून ठेवला.

मी भुताला भीत नाही. भीती एकच वाटते, की पोर येईल आणि घर तयार नसेल.

ता. १२ मे, रविवार

आज मुळावरच घाव घातला. चूल फोडली. खाली फरशी, फरशीखाली माती, मातीखाली घडीव दगड. पहारीनं दगड सरकवला. पेवाचं तोंड. बुजवलं म्हणतात, पण वरचा थर तेवढा बुजवलेला, खाली पोकळी तशीच होती. त्यातून हळदीचा जुना, कोंदट वास आला. डोळ्यांना पाणी सुटलं.

आतल्या भिंतीवर झुरळं होती. भिंत दिसतच नव्हती असं लिहिलं तर खरं होईल.

रीतीप्रमाणे दोराला कंदील बांधून खाली सोडला. थोडा खाली गेला आणि ज्योत बसली, निळी झाली, विझली. मेलेली हवा. माणूस त्यात उतरणं शक्य नाही, आणि माणूस त्यात असणंही शक्य नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

डी.डी.टी.चा उरलेला सगळा डबा आत ओतला. वर गंधक पेटवून टाकलं. दगड बसवला आणि चारी बाजूंनी चुना-विटकरीचा जाड थर दिला. नवी चूल दुसऱ्या कोपऱ्यात मांडली. काम चाललं असताना धोंडुबाई परसात उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली की आता त्यांना कोण सांगणार. काय सांगणार ते मी विचारलं नाही.

ता. १५ मे, बुधवार

एकही झुरळ नाही. कोपरा न् कोपरा पालथा घातला. वास गेला. पापणीवर खुंट फुटलेत. पाळण्याला कडी ठोकली, भिंतींना पांढरा हात दिला. दस्तगीरला बोलावून घर दाखवलं. त्यानं पाय झाडून आत पाऊल टाकलं, बघितलं, आणि चांगलं झालं म्हणाला. चहा न घेता गेला. त्याचा स्वभावच घाईचा.

ता. १६ मे, गुरुवार

मनू आली. सासऱ्यांची बैलगाडी दारात थांबली तेव्हा मी वेड्यासारखा धावलो आणि मग आठवलं म्हणून पाठ फिरवून उभा राहिलो. मनू हसली. म्हणाली, "आवं, पाठमोरं का हुईना, हवालदार दिसलं तरी." पोराच्या तोंडावर फडकं होतं. एक तळपाय तेवढा मला दिसला. तांबूस, माझ्या अंगठ्याएवढा.

मी ओसरीवर झोपणार, ती दोघं मधल्या खोलीत. आतून पोराचा आवाज येतो. किती सुखी आहे मी, हे लिहायला शब्द थिटे पडतात.

ता. १८ मे, शनिवार

शांत झाली.

नीट लिहितो. होम झाला. भटजींनी माझ्यापुढं काशाची वाटी ठेवली, काठोकाठ तेल. मनू मागं उभी राहिली, पोराला माझ्या खांद्यावरून पुढं धरलं. फडकं काढलं. भटजी म्हणाले, बघा. मी वाकलो. तेवढ्यात वरच्या आढ्यावरून काहीतरी तेलात पडलं.

झुरळ. पिवळ्या पायांचं. तीन दिवस घरात एकही नव्हतं.

ते बुडालं नाही. तेलावर फिरून उताणं झालं आणि तसंच राहिलं, वर तोंड करून. तेल हलत होतं, मला काही दिसलं नाही. भटजींनी दर्भाच्या काडीनं ते काढून टाकलं, पुन्हा बघा म्हणाले. पुन्हा बघितलं, पोर दिसलं. गोरं, माझ्या आईचं नाक. सगळे हसले, मनूच्या वडिलांनी साखर वाटली.

धोंडुबाई परसाच्या दारात होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "आदी त्यांनी बगितलं."

ता. १९ मे, रविवार

सासरे गाडी घेऊन परत गेले. ते वळणाआड गेले आणि झुरळं आली. चुन्याच्या थराला तडा नाही, मी गुडघ्यावर बसून बघितलं. तरी आली. भर दुपारी.

माझ्याकडं कुणी येत नाही. मनूकडं नाही. शिजवलेल्या भातावर नाही, गुळाच्या ढेपेवर नाही. सगळी मधल्या खोलीत जातात. पाळण्याच्या दोरावर, कडीवर, खालच्या जमिनीवर. पाळण्यात एकही उतरत नाही. तोंडं आत करून बसतात आणि पोराकडं बघतात.

मनू किंचाळली, मग केरसुणी घेऊन आली. झाडून टाकली की बाजूला होतात, पुन्हा येऊन बसतात. पोर रडत नाही. त्याचं लक्ष जुन्या चुलीच्या जागेकडं. तिकडं बघून हसतं.

ता. २० मे, सोमवार

पहाटेच ठरवलं, घर सोडायचं. दस्तगीरनं गाडी आणली. मनूनं पोर उचललं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं — पोर ताठ झालं. श्वास धरला. ओठ काळेनिळे. उलटं केलं, पाठीत थापटलं, तोंडावर पाणी मारलं. काही नाही. मनू धावत आत गेली, जुन्या चुलीपाशी — तिथं पोरानं श्वास घेतला. आणि हसलं.

पुन्हा केलं. पुढच्या दारानं, परसाकडच्या दारानं. तेच. तिसऱ्यांदा मनूनं मला हात लावू दिला नाही. दस्तगीर दुआ पुटपुटत उभा होता. वैद्याला आणतो म्हणून गेला.

पोराच्या गालावर पिवळा डाग. मनूनं आज त्याला हळद लावलेलीच नाही. मी पुसला. पुसताना आकार कळला. बोट आहे. मोठ्या माणसाचं.

संध्याकाळी धोंडुबाईचे पाय धरले. म्हटलं, मावशी, घास ठेव, रोज ठेव, घर तुझं. ती बसली आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. घासाचं काही नव्हतं बाबा, म्हणाली. घास ठेवून ती रोज केरबाला सांगायची — पोरगं बरं आहे. दात आले. चालायला लागलं. शाळेत जातं. पलटणीत गेलं. रोज, इतकी वर्षं, सगळं खोटं. तिचं पोर सहा महिन्यांचं असतानाच वारलं. तिला ते मेलेल्या माणसाला सांगवलं नाही. झुरळं घास न्यायची, आणि निरोप न्यायची. मी दार लावलं आणि निरोप थांबला. म्हणून —

म्हणून तो बघायला येतोय.

ता. २१ मे, मंगळवार. सकाळ

वैद्य येऊन गेला. पोर ठणठणीत म्हणाला. त्याच्या धोतरावर झुरळं होती, त्याला दिसली नाहीत की काय —

आता एकच मार्ग. पेवाचं तोंड उघडायचं. धोंडुबाईनं स्वतः सांगायचं, की तुमचं पोर गेलं, हे तुमचं नव्हे, हे हवालदाराचं. ती कबूल झाली. पाण्यावर हात ठेवून कबूल झाली.

ता. २१. दिवेलागण

चुना फोडला. दगड सरकवला. मनू मधल्या खोलीत, दार लावून, पोर छातीशी. दस्तगीर ओसरीवर. त्याला आत येववेना.

खाली झुरळं नाहीत. एकही नाही. भिंती स्वच्छ. काळोख.

सवयीनं कंदील बांधला, दोर सोडला. दोराचं टोक माझ्या मनगटाला आहे. धोंडुबाई काठावर बसली आहे, पदर डोक्यावर, नव्या नवरीसारखा. मी लिहितोय. लिहिणाऱ्याचा हात —

कंदील खूप खाली गेला. मागच्या खेपेहून खूप खाली.

विझत नाही. ज्योत निळी नाही. चांगली पिवळी, मोठी. ही हवा मेलेली असायला हवी. इतकी वर्षं बंद —

मावशी, सांग. सांग आता. मी म्हणतोय. ती ओठ हलवते, शब्द येत नाही.

दोराला ओढ लागली. हलकी. वजन तोलून बघावं तशी.

सांग ना. पोर गेलं म्हण. एवढंच म्हणायचं आहे —

बोलली. आवाज तरण्या बाईचा. खाली वाकून, हसून, लाजून म्हणाली, "आवं, या की. पोरगं हितंच हाय."

मनगटावरचा दोर सैल पडला.

कंदील विझलेला नाही. तो वर येतोय. डुलत नाही, भिंतीला लागत नाही, कुणीतरी हातात धरून चढावा तसा — उजेड काठाला आला — मनू, कडी काढू नकोस, मनू, पोराचं तोंड झाक, तोंड —